वालकूरचे हात

आमच्या गावात वाईनची लाकडी पिंपं बनवणारा बातीस्त होता. माझ्या भिंतीला भिंत लागून त्याचं घर, म्हणून ही हकिकत मला आतून ठाऊक. वालकूर म्हणजे त्या काळचा पडद्यावरचा राजा. त्याच्या सिनेमाचं शूटिंग आमच्याकडे आलं. त्यात तो झाला होता शाळामास्तर, देवाचं नाव काढलं की भडकणारा. आणि गाडं अडलं कुठे म्हणाल, तर पावाशी! थोरला पाव छातीशी धरून सुरी आपल्याकडे ओढत कापायचा, ते या पॅरिसवाल्याला जमेना. सदऱ्याचं बटणच उडालं. मग नुसते हात दाखवायला बातीस्तला धरलं.

त्याने लगेच घरी जाहीर केलं, "क्लोटिल्द, मी सिनेमात!"

"तुम्ही? अहो, लग्नाच्या फोटोतही तुमचं डोकं कापलं गेलंय."

"या वेळी डोकं नाहीच. फक्त हात."

"मग मी ओळखू कशी?"

दुसऱ्या दिवशी कॅमेरा फिरू लागला. बातीस्तने पाव उचलला, उलटा केला, सुरीच्या टोकाने बुडावर क्रूस ओढला आणि मग कापला. नवा पाव आम्ही सगळेच असा कापतो.

दिग्दर्शक ओरडला, "अहो, मास्तर नास्तिक आहे! क्रूस कसला काढताय?"

"मी? कधी?"

दुसरा पाव आणला, पुन्हा क्रूस. तिसऱ्यालाही तेच. पाव संपले.

"काढून टाका हे हात!"

बातीस्तचा चेहरा पडला. क्लोटिल्दला काय सांगणार? वालकूर मात्र खुर्चीतून टक लावून बघत होता. हा एवढं काय बघतोय, म्हणून मी त्याच्याकडे बघत होतो. तो उठला आणि पाव पालथा करून त्याने क्रूसावर अंगठा फिरवला.

"कोणी शिकवलं?"

"शिकवलं नाही साहेब. आई करायची."

"हात राहू द्या," वालकूर दिग्दर्शकाला म्हणाला. "आता माझा चेहरा घ्या."

आपल्या नकळत हातांनीच आईची सवय उघडी पाडली, अशा नजरेने त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. नास्तिक मास्तर चोरी करताना पकडलेल्या पोरासारखा लाल झाला. कॅमेरावालाही चुळबुळला.

सिनेमा हिवाळ्यात तालुक्याला लागला. वालकूरला हे सुचलं कसं, यावर पेपरात अर्धं पान छापून आलं होतं. आम्ही एका रांगेत बसलो. बातीस्तने मांडीखाली हात दाबून धरले होते. पडद्यावर पाव उलटा झाला, सुरी फिरली.

"वाकडाच!" क्लोटिल्द भर थिएटरात ओरडली. "घरीही असाच वाकडा काढतात मेले! आमचेच हे!"

पुढचा सिनेमा कोण बघतंय? मागच्या रांगा उठून बातीस्तचे हात बघायला आल्या.