पाठीवरचा रंग

१७ नोव्हेंबर २००२, रविवार. शिकवणीच्या मुलांचे निबंध तपासायला बसले होते. नांदेडला मी इंग्रजी शिकवत असे: व्याकरण सुधारायचं, लांबलेली वाक्यं छाटायची, उपमा-रूपकं समजावायची. गठ्ठ्यात शेवटची वही रेणुकाची. रेणुका माझ्या थोरल्या भावाची मुलगी, डोंगरकड्याजवळच्या आमच्या गावात दहावीला. दर आठवड्याला ती एसटीच्या कंडक्टरकडे वही देई, मी तपासून परत पाठवी.

त्याच रस्त्यानं १९९० साली मी पत्र्याची पेटी घेऊन निघाले, तेव्हा बा शेळ्या सोडून फाट्यापर्यंत आला होता. म्हणाला, "तिकडं काय व्हईल मला ठाव न्हाई. इथं काय व्हईल ते ठाव हाय. बस गाडीत." मी बसले. रडले नाही, जागा धरायची होती.

पुढं नळाचं पाणी आलं, फॅन आला, बोलण्यात 'सेंटेन्स' आणि 'करेक्शन' आले. बा गेला. गाव म्हणजे ती वही. तपासली की माझं काम संपलं.

गृहपाठ होता, स्वतःबद्दल एक उपमा. रेणुकानं इंग्रजीत एकच वाक्य लिहिलं होतं: माझ्या पाठीवर निळा रंग लागला आहे. मी लाल पेनानं शेरा मारला, 'ही उपमा नाही. कशासारखं, ते लिही.' वही मिटली आणि हात थांबला.

आमच्याकडे व्यापारी शेळी पसंत करतो, तेव्हा तिच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढतो. मग ती आठ-दहा दिवस कळपातच राहते. चरते, करडाला पाजते. फक्त दुसरं कुणी तिला बघायला येत नाही.

गावातल्या दुकानात फोन लावून भावाला बोलावलं.

"व्हय, जमलं रेणुकाचं लगीन. माघात उरकून टाकू."

"परीक्षा मार्चमधी हाय, दादा. पंधराची हाय ती."

"तुला काहून तकलीफ व्हऊन राहिली, सुमन? पावण्यांपुढं इंग्रजी वाचून दाखवलं पोरीनं. तिथंच पसंत केली. तुझीच शिकवणी कामाला आली की!" तो हसला.

"फोनवर दे तिला."

"रानात हाय. शाळा बंद केली आता."

फोन ठेवला. वही उघडून माझा शेरा खोडला. वाक्यात एकही चूक नव्हती. मला बानं फाट्यापर्यंत आणलं होतं. तिला आणणारं गावात कुणी नव्हतं. फाट्यापासून घरापर्यंतची ती वाट, माझं गाव आता एवढंच उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली हिंगोली गाडी धरली. कंडक्टरनं सवयीनं हात पुढं केला.

"मॅडम, वही?"

"आज वही नाही. डोंगरकडा, एक. आणि संध्याकाळी परत येताना दोन जागा धरून ठेवा."

"दुसरं कोण?"

मी तिकिटाचे पैसे दिले. खिडकीपाशी जाऊन बसले.