सरकामामाचा लॅपटॉप

सरकामामांना कुठलीही जागा दाखवली की तिच्यात माणसं किती बसतील, हे ते लगेच सांगायचे. लग्नाचा मांडव असो नाहीतर दवाखान्यातलं बाकडं. एकदा एका नातेवाइकांनी नवा सोफा घेतला. ते कौतुकानं त्याचं कापड दाखवत होते, आणि मामा म्हणाले, "पाच जण आरामात. सहावं लेकरू असन तर." धाड ते बुलढाणा या रस्त्यावर त्यांनी वीसेक वर्षं जीप चालवली. दारात नवा प्रवासी उभा राहिला की मागं वळून ते एकच शब्द बोलत, "सरका." आवाजात हुकूम नसायचा आणि विनवणीही नसायची. लोक सरकायचे. त्यावरून पडलेलं नाव इतकं रुळलं की ते माझ्या आईचे सख्खे धाकटे भाऊ असूनही मी त्यांना सरकामामाच म्हणायची.

जीपच्या पुढच्या सीटबद्दल मात्र त्यांचा नियम कडक होता. तिथं म्हातारी माणसं, आजारी माणसं आणि पोटुशा बाया. एखादा ओळखीचा सरपंच पुढं चढायला लागला तरी ते म्हणायचे, "भाऊ, तुमी धडधाकट हा. मांगं बसा." एकदा दिवस भरलेली एक बाई बसली होती, तर बुलढाण्यापर्यंत त्यांनी गाडी अशी नेली की मागचे लोक वैतागले. उतरताना त्या बाईची सासू त्यांना पैसे द्यायचं विसरली आणि त्यांनीही आठवण केली नाही. माझी मामी, शोभामामी, माहेरी जायची तेव्हा मात्र मागं टपावरच्या पोत्यांखाली, दाराशी बसायची. ती धडधाकट होती.

त्यांना अपघात झाला तो रस्त्यावर नाही. बाजाराच्या दिवशी टपावर कांद्याची पोती बांधताना दोरी तुटली आणि ते पाठीवर पडले. उंची फार नव्हती. पण कमरेखालचं सगळं गेलं. औरंगाबादला ऑपरेशन झालं, परत आले, आणि त्यानंतर घरातल्या खाटेवरून ते फक्त दवाखान्यासाठी हलले. घर म्हणजे एक खोली. एका भिंतीला खाट, दुसऱ्या भिंतीला गॅस, आणि दारापाशी उजेडाला मामीची शिलाई मशीन. ब्लाऊज शिवून आता तीच घर चालवत होती. मूलबाळ नव्हतं. चाकाची खुर्ची आणली होती, पण ती खोलीत वळायची नाही, म्हणून ती अंगणात उभी असायची आणि तिच्यावर शेजारची मांजर झोपायची.

मी बुलढाण्याला एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करते. एका रविवारी धाडला त्यांच्याकडे गेले तर मामा फोनवर गाडी चालवायचा गेम खेळत होते. अंगठ्यानं स्टेअरिंग वळवत होते आणि वळताना मानही त्याच बाजूला कलत होती. मला पाहून जरा लाजले. मग म्हणाले, "बाई, हे मोठ्या पडद्यावर असते का? आरशात मांगची गाडी दिसाले पाह्यजे. याच्यात आरसा नखाएवढा हाय."

असते, म्हणाले मी. पण त्याला साधा लॅपटॉप चालत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि ते महाग असतं.

"जीप इकली त्यातले दवाखान्यानं थोडे ठेवले हायेत," ते म्हणाले. मामी मशीनवरून नजर न काढता म्हणाली, "खेळाचं वय हाय का आता?" पण आठ दिवसांनी तिनंच मला फोन करून विचारलं की अशी वस्तू कुठं मिळते.

तेवढ्या पैशात डेस्कटॉप घेतला असता तर कितीतरी चांगला आला असता. आमच्या धंद्यात हे कुणीही सांगेल. पण डेस्कटॉपला टेबल लागतं, आणि त्या खोलीत टेबल ठेवायचं तर मामीची मशीन बाहेर काढावी लागली असती. मी टेप घेऊन गेले आणि खाट मोजली. मामा पडल्या पडल्या बघत होते. "तीन फूट," ते म्हणाले, "मी सांगतलं असतं. त्याच्यात मी, आन बाजूले तुही मामी बसली पाह्यजे. उरन ते त्या लॅपटॉपले."

त्या पैशात बसणारे दोनच लॅपटॉप मला सापडले. एक जुन्या धाटणीचा, जाड, वजनानं तीन किलोच्या आसपास; त्याचे पंखे मोठे होते आणि तासन् तास चालवला तरी तो कोमटच राहायचा. दुसरा पातळ आणि हलका, पडदा जास्त चांगला, पण खेळ सुरू झाला की बुडाशी तव्यासारखा तापायचा. मी दोन दिवस विचार केला. मामांच्या हातात आता पूर्वीचा जोर राहिला नव्हता, खाटेवर जागा नव्हती, आणि जाड लॅपटॉप उचलून ठेवायचं काम मामीच्याच अंगावर पडलं असतं. मी हलका घेतला.

तापण्याचं मी विसरले नव्हते. सुताराकडून चार पायांचा एक बुटका पाट करून घेतला, मांड्यांच्या वर आडवा राहील असा. मामीला बाजूला घेऊन सांगितलं, "हे पायांवर कधीच ठेवायचं नाही. त्यांना चटका समजणार नाही." ती हो म्हणाली. विसरले ते वेगळंच. पाट खाटेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत होता. तो ठेवला की मामीला बसायला खाटेवर वीतभरही जागा उरत नव्हती.

पहिल्या दिवशी मामांनी ट्रक चालवला. कुठल्याशा परदेशातला रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना बर्फ. ते सिग्नलला थांबले, मागं गाडी नसताना हात दाखवल्यासारखा इंडिकेटर दिला. अर्ध्या तासानं म्हणाले, "चांगलं हाय. पण इथं कोणी चढत नाई. रिकामी गाडी चालवाले बरं नाई वाटत." मग मी बसचा गेम टाकून दिला. त्यात थांबे होते, माणसं चढायची, तिकीट घ्यायची. पुढच्या वेळी गेले तेव्हा ते पडद्यातल्या माणसांना म्हणत होते, "सरका, सरका, लय जागा हाय," आणि मामी तोंडाला पदर लावून हसत होती. मामा पडल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

त्याच दिवशी मामा मला म्हणाले, "इतके वर्स लोकायच्या बाया पुढं बसवल्या. हिले कधी बसवलं नाई." मामी मशीनवर होती. तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही. त्यानंतर दुपारची शिवण संपली की ती त्यांच्या बाजूला बसून बस बघायची, असं शेजारणीकडून समजलं. बर्फातली गावं, बोगदे, समुद्राच्या कडेचा रस्ता. ती विचारायची, "हे कोन्तं गाव?" आणि मामा काहीही सांगायचे. एकदा म्हणे त्यांनी एका मोठ्या शहराला आमच्याकडचं, जुन्या मशिदीचं रोहिणखेड म्हणून सांगितलं आणि ती म्हणाली, "मशीद कुठं हाय मंग?" मला हे ऐकून आनंद झाला. ती कुठं बसते, हा प्रश्न मला पडला नाही.

दोनेक महिन्यांनी मामांना ताप आला आणि आम्ही त्यांना बुलढाण्याला दवाखान्यात आणलं. नर्सनं चादर बाजूला केली तर उजव्या मांडीवर तळहाताएवढी काळी जखम होती, आणि तिच्या कडेला सारख्या अंतरावर आडव्या रेघा. त्या रेघा मी ओळखल्या. लॅपटॉपच्या बुडाच्या असल्या जाळ्या मी दिवसाला चार साफ करते. डॉक्टरांनी विचारलं, हे कशानं झालं. मामा म्हणाले, "खाटेची लोखंडी पट्टी लागली, सायेब. मले काय समजते." आणि माझ्याकडे बघितलं. मामी तेव्हा औषधं आणायला खाली गेली होती. डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं आणि मी लिहू दिलं.

जखम भरायला फार दिवस लागले. भरलीही जवळजवळ. पण मधेच पडून राहून पाठीला झालेले व्रण वाढले, मग मूत्रपिंडं बिघडली, आणि थंडी सुरू झाली तेव्हा एका सकाळी मामा गेले. शेवटच्या आठवड्यात मी जवळ बसले की माझा हात घेऊन नुसता धरून ठेवायचे. मी डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं की त्या भाजण्यानं झालं का. ते म्हणाले, अशा पेशंटमध्ये कारण एक नसतं. हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की खरं म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेरवी झाल्यावर मी धाडला गेले. मामीनं लॅपटॉप एका अस्तराच्या कापडात गुंडाळून ठेवला होता. तो माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "घेऊन जाय, बाई. मले याचा काय उपेग."

मी कापड उलगडलं नाही. म्हणाले, "मामी, मी तो जड घ्यायला पाहिजे होता. तो असा तापत नव्हता. ती जखम खाटेची नव्हती."

मामी मग म्हणाली, "पाट मीच काढून ठेवत होते. पाट असला का मले उभं राहावं लागे. त्याईनं म्हटलं, बस माह्याजवळ, मले कुठं चटका लागते. मंग मी बसे."

तिच्या आवाजात रडणं नव्हतं.

"तुले काय सांगतलं त्याईनं?" तिनं विचारलं.

"लोखंडी पट्टी लागली म्हणून."

"मलेही तेच." तिनं खाटेच्या कडेच्या दांडीवर हात ठेवला. "ही माह्या बापानं लग्नात देल्ली. सागाची हाय. लोखंडाचा खिळा नाई हिच्यात."

ती खाट मी माझ्या हातानं मोजली होती. मलाही ते माहीत होतं.

"मग तुम्ही त्यांना काही म्हटलं नाही?" मी विचारलं.

"काय म्हणू?" मामी म्हणाली. "त्याईले वाटे, दोघीईलेही पटलं. तेवढ्यावर त्याईले झोप लागे."