चाळणीबाईंनी स्वतःलाच गाळलं

वाचनालयाच्या संगणक-खोलीत बारा संगणक, तेरा खुर्च्या आणि एक चाळणीबाई. हे नाव वाचनालयाची पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरकाकांनी ठेवलेलं, तेही तोंडावर. "बाई, तुम्ही पीठ चाळता की प्रोग्रॅम?" ते चिकटलं ते चिकटलंच.

बाईंचा खाक्या साधा. यादीत असेल तोच प्रोग्रॅम चालणार. नसेल त्याच्यापुढे लाल चौकट येणार, 'परवानगी नाही'. घरीही तीच तऱ्हा. डब्यांवर चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांवर तारखा. आई म्हणायची, "चमचाभर साखरेसाठी मला अर्ज लिहायला लावशील एक दिवस."

बाईंची ही चाळणी यायच्या आधी खोलीत नुसता धुडगूस होता. ज्याला जे हवं ते तो पेन ड्राइव्हवरून आणून चालवी आणि तीन संगणक कायम आजारी. ग्रंथपालसाहेबांनी चाळणीला एक महिना दिला. साहेबांचं वाक्य दोनदा अडखळायचं, तेव्हा कुठे पुढे सरकायचं. "म्हणजे, काय आहे, एक दिवस जरी, म्हणजे, खोली बंद राहिली ना, तर काय आहे, चाळणी काढायची."

"मी स्वतःच्या हाताने काढीन," बाई ताडकन म्हणाल्या. बोलून बसल्या खऱ्या.

महिना संपायला एक दिवस उरला होता. दुपारी बाईंच्या लक्षात आलं, की सात जण एकदम कॅल्क्युलेटर चालवतायत. त्यांतले टक्कल पडलेले विमा एजंट अचानक ओरडले, "मेला, मेला! मागून घे त्याला!"

बेरजेत कोण मरतं? बाई हळूच त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर रणगाडे. गेमच्या फाइलला पठ्ठ्यांनी 'कॅल्क्युलेटर' नाव दिलं होतं आणि चाळणी बिचारी नाव बघून आत सोडत होती.

"नुसत्या नावावर सोडते, हेच चुकलं माझं," असं म्हणत बाई संध्याकाळी पदर खोचून बसल्या. प्रत्येक फाइलचा आकड्यांचा एक ठसा निघतो. नाव काहीही ठेवा, ठसा तोच. पण आतलं एक अक्षर हललं, की ठसा बदलला. बाईंनी नावांची यादी पुसली, ठशांची भरली आणि शीळ घालत घरी गेल्या.

शेवटच्या दिवशी सकाळी साडेआठला त्यांनी पहिला संगणक लावला. ब्राउझर उघडला, तर लाल चौकट. दुसरा संगणक, तिसरा, तेच. रात्रीतून ब्राउझरने आपण होऊन नवी आवृत्ती घेतली होती, म्हणजे ठसाही नवा. "बरं बाबा, घेते तुझा नवा ठसा," म्हणत बाई आपल्या टेबलाशी आल्या आणि यादी बदलायचा प्रोग्रॅम उघडू लागल्या.

लाल चौकट.

यादी बदलणारा प्रोग्रॅमच यादीत घालायचा राहिला होता! बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. नऊला दार उघडायचं. तेवढ्यात फोन वाजला.

"डबा विसरलीस," आई म्हणाली.

"आई, ठेव गं फोन! मी माझ्याच यादीबाहेर अडकलेय."

"म्हणजे लहानपणी किल्ली कपाटात टाकून कपाट बंद केलं होतंस, तसं?"

"तस्संच!"

"तेव्हा मागची फळी निघाली होती."

बाईंचा हात कपाळावर गेला. मागची फळी! बाइंडरकाकांची लेबलं बाईंच्याच संगणकावरून छापली जात. त्या प्रोग्रॅमची दर आठवड्याला नवी आवृत्ती यायची, नाव पण नवं. दर वेळची कटकट नको म्हणून बाईंनी नाक मुरडत एक अख्खा फोल्डर मोकळा सोडला होता. त्यात जे ठेवाल ते चालेल, ना नावाची चौकशी, ना ठशाची.

फोल्डर उघडला. आत लेबलांचा प्रोग्रॅम, आणि त्याच्या शेजारी पत्त्यांचे तीन गेम.

"काका!"

बाइंडरकाका गोंदाचे हात पुसत आले, पडदा पाहिला आणि जागीच थबकले. "बाई, गोंद वाळेपर्यंत माणसाने करायचं तरी काय?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. बाईंनी यादीच्या प्रोग्रॅमची एक प्रत त्या फोल्डरमध्ये टाकली आणि क्लिक केलं. उघडला! आधी त्याचाच ठसा यादीत घातला, मग ब्राउझरचा. नऊला दोन मिनिटं कमी असताना बाराही संगणक सुरू होते.

साहेब डोकावले. "म्हणजे, काय आहे, सगळं, म्हणजे, ठीक?"

"एकदम ठीक."

"महिना झाला. मग, काय आहे, राहू दे, म्हणजे, चाळणी."

साहेबांची पाठ वळताच बाईंनी मोकळा फोल्डर बंद केला. काका गोंदाचा डबा छातीशी धरून बघत होते. बाईंनी लेबलांच्या प्रोग्रॅमचा ठसा यादीत घेतला. मग जरा थांबून पत्त्यांच्या एका गेमचाही घेतला.

"एकच. तोही गोंद वाळेपर्यंत."

"आणि लेबलांची नवी आवृत्ती आली की?"

"माझ्याकडे यायचं. अर्ज घेऊन."

तेवढ्यात पलीकडून विमा एजंटांचा आवाज आला, "मॅडम, कॅल्क्युलेटर चालत नाहीये!"

"कुठला?" बाईंनी जागेवरूनच विचारलं.