भाडेकरूचं गाऱ्हाणं

आमच्या खोल्यांचं भाडं घरमालकाने वाढवलं नाही. ते मी स्वतः वाढवून मागितलं. देवापुढे उभं राहून, खणखणीत आवाजात आणि घरमालकाच्याच घरी.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. हक्कांचा धडा शिकवताना माझा आवाज शेजारच्या वर्गात जातो, असं तिथल्या बाई कुरकुरत सांगतात. मालवणात आम्ही आबांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहतो. पुढे आबा आणि काकी, मागे मी, सुलभा आणि आमची लेक.

गेल्या वर्षी, लेक दहावीत असताना, चतुर्थीच्या तोंडावर आबा विहिरीपाशी म्हणाले, "मास्तरानू, सगळाच म्हाग झाला. पुढच्या म्हयन्यापासून भाडा वाढवूक होया. जमणा नसात तर दुसरी खोली बघा."

त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून माझ्या हातातला पोहरा विहिरीत गेला. एवढं भाडं आम्हाला झेपणारं नव्हतं. म्हणजे बोर्डाच्या परीक्षेच्या वर्षी लेकीची पुस्तकं पोत्यात भरून घर शोधत फिरायचं!

वास्तविक घाबरायचं कारण नव्हतं. आमचा रीतसर नोंदवलेला करार होता आणि तो संपायला शिमगा उजाडायचा होता. मुदतीत भाडं तेच राहील, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. मालकाला मनात आलं म्हणून भाडं वाढवता येत नाही, वाढीव भाडं दिलं नाही म्हणून वीज-पाणी तोडता येत नाही, हे सगळं मला तोंडपाठ. ते आबांना सांगायचं, एवढंच बाकी होतं.

मी सांगायला गेलो. आबांनी बसवलं, चहा दिला, लेकीच्या अभ्यासाची चौकशी केली. मला इतकं अपराधी वाटलं की कायदा घशातच राहिला. निघताना त्यांनी हातात नारळ ठेवला.

"कशाक गेल्लास आणि काय घेवन इलास?" सुलभाने विचारलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. या वेळी काकडी मिळाली. (चांगली निघाली. तिची कोशिंबीर खातानाही मला अपराधी वाटलं.)

"तुमच्यान काय होवचा नाय," सुलभा म्हणाली. "आता देवाकच गाऱ्हाणा घाला."

ती वैतागून बोलली होती, पण मला त्यात मार्ग दिसला. बाकी महाराष्ट्रात गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्याकडे ते देवाला घालतात. एकाने उभं राहून देवाकडे मागायचं आणि प्रत्येक मागणीला सगळ्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. देवासमोर दिलेला तो होकार मग कुणी फिरवत नाही. आबांच्या तोंडून तो एकदा निघाला, की काम झालं!

आणि देवानेच योग जुळवून आणला. चतुर्थीला आबांचा घसा साफ बसला. दरवर्षी घरच्या गणपतीपुढे आबाच गाऱ्हाणं घालत. त्या वर्षी त्यांनी मला खुणेने बोलावलं आणि फुसफुसले, "मास्तरानू, तुमचो आवाज मोठो. तुमीच घाला."

वाक्य मी मनात पक्कं केलं: 'करार संपासर भाडा वाढवची बुद्धी कोणाक होव नये.' बाकीचं नेहमीचं. आरती झाली. सारी आळी जमली होती. मी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"शेताभाताचा पीक वाढांदे!"

"व्हय म्हाराजा!"

काय तो प्रतिसाद! वर्गात मला असा प्रतिसाद आजवर मिळालेला नाही. मला चेव चढला.

"काजूक भाव वाढांदे! दर्यात मासळी वाढांदे! पोराबाळांचा आयुष्य वाढांदे!"

"व्हय म्हाराजा!"

आता माझं वाक्य. मी आबांकडे पाहिलं, छाती भरून घेतली आणि जिभेला लागलेल्या त्याच लयीत गरजलो, "भाडा वाढांदे!"

"व्हय म्हाराजा!"

छप्पर उडायचं बाकी राहिलं. त्यातला सर्वांत मोठा आवाज माझ्या बायकोचा होता. बिचारी सवयीने ओरडली आणि मग हातातल्या आरतीच्या तबकासकट गर्रकन माझ्याकडे वळली. आबांच्या चेहऱ्यावर असा भाव, जणू गणपतीने खुद्द त्यांच्या खांद्यावर हात ठेवलाय.

सुलभाने तबक माझ्या हातात दिलं आणि पुढे झाली. बाईने गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे पद्धत नाही; पण तिचा चेहरा बघून अडवायला कोणी धजावलं नाही.

"बा देवा म्हाराजा, ह्या माझ्या घोवान आता जा मागल्यान, ता करार संपल्यावर होवंदे."

लोक सुरात होतेच. "व्हय म्हाराजा!"

"तवसर एक पैसो वाढाक नको."

"व्हय म्हाराजा!" यात आबांचाही घोगरा आवाज होता. जन्माची सवय!

"करार संपल्यावर वाढात ता झेपात इतक्याच वाढांदे. आणि मागची पडवी गळता, तिची कवलां आबांच्या हातान बदलान होवंदेत."

या वेळी काकी सगळ्यांच्या वर ओरडल्या. कौलांवरून त्यांचंही आबांशी जुनं भांडण होतं, हे मला नंतर कळलं.

आबांनी गणपतीपुढे हात जोडले. मग सुलभाला म्हणाले, "बाय, तू वकील कित्या झालंय नाय?"

आबांनी शब्द पाळला. दिवाळीआधी कौलं बदलली, लेकीची दहावी त्याच घरात पार पडली आणि शिमग्यानंतर भाडं झेपेल इतकंच वाढलं. मी ते मुकाट्याने देतो. हक्क कितीही तोंडपाठ असले, तरी देवाकडून मागून घेतलेल्या गोष्टीविरुद्ध दाद कुठे मागणार?

वर्गात मी अजूनही हक्कांचा धडा शिकवतो, फक्त आवाज जरा खाली ठेवून. बाहेर मात्र माझ्या आवाजाला मागणी वाढली आहे. या चतुर्थीला गाऱ्हाणं घालायला या म्हणून मला आत्तापासून बोलावणी येतायत. बोलावणारे सगळे घरमालक आहेत.