पहिला शब्द गिळणारी मशीन

"याची बदली आता धारणीले पक्की! नव्या नवरीले जंगलात नेते काय हा?"

तारघरातलं ह्यांच्याबद्दलचं हे बोलणं माझ्या कानांसाठी नव्हतं. पण अकोल्याच्या तारघराची आणि माझ्या स्वयंपाकघराची भिंत एकच. आमचे हे तिथे तारबाबू. पोळी तव्यावर असेपर्यंत पलीकडे एक किस्सा शिजलेला असायचा. लग्नाला वर्ष व्हायच्या आत माझ्याकडे भांड्यांपेक्षा किस्से जास्त जमले!

*

अमरावतीच्या तारघरात आमच्या तारा छापून घेणारे दोन टेलिप्रिंटर. नवी मशीन सरळ. जुनीची मोटर सावकाश उठायची, तोवर पहिला शब्द गडप! मेकॅनिक रहीमभाई म्हणायचे, "बेगम नींद में पहला लफ्ज खा जाती है!"

म्हणून जुनीला पहिला शब्द दोनदा पाठवायचा. पण पलीकडे कोणती लागली आहे, ते इकडे कसं कळणार? आमच्या तारघराचे हेड देशमुखमास्तर, त्यांनी युक्ती काढली. घंटी द्यायची. उत्तर लगेच आलं तर नवी, उशिरा आलं तर जुनी.

"डोकं लागते बाबू!" मास्तर मिशीवर हात फिरवायचे.

*

इथल्या जठारपेठेतल्या एकानं अमरावतीच्या भावाला तार केली, 'फादर कमिंग'. उत्तर उशिरा आलं, ह्यांनी 'फादर' दोनदा ठोकलं. निघाली नवी मशीन!

भावाला वाटलं, वडील आणि सासरे दोघंही येताहेत. दोन खाटा टाकल्या. एकाला झणझणीत वांगी, दुसऱ्याला पथ्याचं वरण.

वडील एकटेच उतरले. दोन पाट बघून म्हणाले, "कावून रे, मी एकटा तुले पुरत नाही काय?"

*

उलटही व्हायचं. अमरावतीला मुलगी बघायला जाणाऱ्यांनी 'नॉट कमिंग' कळवलं. उत्तर झटकन आलं, ह्यांनी शब्द एकदाच पाठवला. निघाली जुनी! पोचलं नुसतं 'कमिंग'.

श्रीखंड झालं, सतरंज्या पसरल्या, कोणी आलंच नाही. मुलीचे वडील थेट अकोल्याला येऊन गरजले, "पोरीले पाहाले कोणी नाही आलं, पण सारी गल्ली आमाले पाहाले आली!"

मुलगी मात्र खुशीत होती म्हणे. पाहुण्यांच्या वाट्याचं श्रीखंड तिनंच संपवलं!

*

पण तक्रार झालीच, आणि भिंतीपलीकडे ह्यांच्या धारणीच्या बदलीची कुजबुज सुरू झाली. नागपूरहून साहेब आले. मास्तर घाम पुसत आपली युक्ती समजावत होते. साहेबांनी बदलीच्या कागदावर सही करायला पेनचं टोपण काढलं आणि ह्यांच्याकडे पाहिलं. हे पांढरेफटक. मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकले.

"तिकडे घंटीला उत्तर कोण देतं?" साहेबांनी विचारलं.

आमच्याकडे सगळे तिकडून उत्तर देणाऱ्याला 'अमरावती' एवढंच म्हणत. अमरावती झोपली, अमरावती उठली! त्या दिवशी ह्यांनी पहिल्यांदा नाव घेतलं, "बहुतेक सदाभाऊ असतात, साहेब. पण कधी कधी दुसरंही कोणी."

मी ट्रे टेबलावर ठेवला. तारघरात माझा आवाज तोवर कोणीच ऐकला नव्हता.

"साहेब, सदाभाऊ अमरावतीले माझ्या माहेरच्या शेजारचे. मशीन जुनी असो की नवी, तोंडातलं पान संपल्याबिगर ते जावयालेसुद्धा ओ देत नाहीत!"