केटलवरचा शेतकरी

तुमच्या कपाटाची फळी, टेबलाचा पृष्ठभाग, ऑफिसातलं पार्टिशन कशानं एकत्र धरून ठेवलंय, हे तुम्ही कधी विचारलंय का? आम्ही असल्या फळ्यांच्या कारखान्यात काम करायचो, तरी आम्हीही विचारलं नव्हतं. डिंकानं धरलंय. तो डिंक शिजवणाऱ्या एका माणसाला मी दोन वर्षं रोज पाहिलं.

डिंक शिजवायच्या मोठ्या बंद भांड्याचं, म्हणजे केटलचं, छोटं झाकण उघडून तो लांब सळई आत घालायचा, बाहेर काढायचा आणि काचेच्या पेल्यातल्या गार पाण्यात एक थेंब सोडायचा. मग पेला खिडकीकडे उचलून एक डोळा मिटायचा. आम्ही विचारायचो, "काका, झालं का?" तो म्हणायचा, "मी कोण सांगणारा? थेंब सांगते."

पांढरकवड्याकडे, हायवेपासून थोडा आत हा कारखाना. कापूस वेचून झाल्यावर शेतात जी पऱ्हाटी उभी राहते, तिचा भुगा करायचा, त्यात डिंक मिसळायचा आणि गरम प्रेसखाली दाबून बोर्ड काढायचे. मी प्रेसवर होतो, तो केटलवर.  त्यात फॉर्मलिन जायचं आणि युरिया जायचा. युरियाची गोणी फोडताना तो दर वेळी हसायचा. "पाह्य बाबू, आधी युरिया टाकून पऱ्हाटी वाढवा, मंग तोडून पुन्हा युरियातच बुडवा. सुटका नाही बिचारीची."

थेंब पाण्यात विरून गेला, तर डिंक कच्चा. पांढरा धूर सोडत खाली उतरला, की तिथेच थांबवायचा. ती वेळ चुकली, तर सगळं केटल आतून दगड. हा डिंक गुळासारखा पुन्हा वितळत नाही.

एका दुपारी नागपूरहून आलेला तरुण केमिस्ट मीटर पाहून म्हणाला, "चाचा, अभी दस मिनट." यानं पेल्याकडे पाहिलं आणि कॉस्टिक सोडा ओतून शिजणं थांबवलं. केमिस्ट भडकला. संध्याकाळी कळलं, मीटरची डिंकात बुडवायची काडी दोन दिवस कोणी धुतलीच नव्हती. हा एवढंच म्हणाला, "त्याच्या मीटरले आंघोळ घाला."

केटलजवळ फॉर्मलिनची वाफ डोळ्यांत मिरचीसारखी जायची. नवा माणूस पहिल्या दिवशी ढसाढसा रडायचा. हा त्याच्या पाठीवर हात ठेवायचा. "रडून घे बाप्पा, सासरी आला तू. आठ दिसात सवय होते." व्हायची. सवय होते, हीच तर आमची तक्रार होती. केटलवर वाफ ओढून नेणारा पंखा बसवा, अशी मागणी करणारं पत्रक मी लिहिलं, फाटकावर वाटलं. यानं ते नीट घडी घालून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यानं सळई पुसली ती त्याच कागदानं. माझा चेहरा पाहून म्हणाला, "कागद चांगला आहे तुहा. डिंक मस्त पुसते."

एकदा त्याच्या तांड्यावर जेवायला गेलो. त्याची बायको भाकरी वाढत म्हणाली, "आधी भाजी जराशी लागली तं ताट सरकवत होता. आता करपली तरी चांगली म्हणते." तो हसला, "घरात शांतता झाली नं!" मी कढईत करपलेल्या भाजीकडे पाहिलं. वास साऱ्या घरात भरला होता. त्याला येत नव्हता.

खोकला नंतर सुरू झाला. बोलताना वाक्य अर्ध्यात थांबायचं. मी मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, पंखा बसवा, आणि तोवर यांना मोकळ्या यार्डात काम द्या. मॅनेजर चिडला नाही. चहा मागवला. "डॉक्टरचा कागद आणा, उद्या बदली करतो."

कागद होते. वर्षभरात तो तीनदा यवतमाळला दवाखान्यात एकटाच जाऊन आला होता. मी घाईनं ते मॅनेजरसमोर ठेवले. त्यानं एकेक वाचून माझ्याकडे सरकवला. तिन्ही केसपेपरवर लिहिलं होतं, व्यवसाय : शेतकरी. खाली डॉक्टरांचा सल्ला, फवारणी करताना तोंड बांधावे.

"भाऊ, यात कंपनी कुठं आहे?" मॅनेजर म्हणाला.

मी केटलकडे अक्षरशः पळत गेलो. "काका, शेतकरी काहून सांगितलं?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला नाव विचारत होतो. "दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवरच्या बाईनं इचारलं, धंदा काय? मी सांगितलं."

"पण दिवसभर तुम्ही इथं असता!"

"हे तं ड्यूटी आहे." तो खोकला, थांबला. "माह्या आज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं, गावोगाव. बापानं वावर केलं. तवा कुठं लोकं आमाले शेतकरी म्हणाले लागले. आता मी काय लिहू, डिंकवाला?"

 पत्रकात मी वाफेवर लिहिलं होतं, मालकावर लिहिलं होतं. यावर एक ओळ नव्हती.

चौथ्यांदा मी सोबत गेलो. खिडकीवर मीच बोललो, कारखान्यात डिंक शिजवतात असं लिहून घेतलं. नवा केसपेपर घेऊन आलो, तेव्हा मॅनेजर म्हणाला, "आधीचे तीन खोटे, की हा?" पुढच्या आठवड्यात, ज्याच्यामार्फत तो कामाला लागला होता त्या ठेकेदारानं त्याला घरी आराम करायला सांगितलं. यार्ड नाही, पंखा नाही. मी भांडलो, सह्या गोळा केल्या, अर्ज दिले. कापूस फुटायच्या आधी तो गेला. त्याच्या छातीत नेमकं काय झालं होतं, हे मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकत नाही, कारण वेळेवर कोणी विचारलंच नाही.

आता केटलवर त्याच्याच तांड्यातला दुसरा माणूस आहे. परवा तोही खोकत होता. मी विचारलं, दवाखान्यात काय सांगितलं? तो म्हणाला, "शेती. अजून काय सांगू?"

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरातलं, गल्लीतलं कोणी कारखान्यात जात असेल, तर आजच त्याचा केसपेपर पाहा. व्यवसायापुढे शेतकरी लिहिलं असेल, तर तो शब्द खोडू देऊ नका. तो त्याच्या मानाचा आहे. त्याच्यापुढेच, तो दिवसभर हातांनी जे काम करतो, ते लिहून घ्या. जागा कमी असते. खिडकीवरची बाई घाई करेल. रांगेतले लोक ओरडतील. तरी लिहून होईपर्यंत तिथून हलू नका.