आईला कारण विचारलं तेव्हा

बोरीहून आईला पुण्याला आणलं तो दिवस माझ्या डोक्यात क्रमवार बसला आहे, कारण त्याची आखणी मीच केली होती. गॅस बंद, मागचं दार, देवघरातली समई, आईच्या गोळ्या, पाण्याच्या बाटल्या. गाडी दारात उभी होती. शेजारच्या शेवंतामावशी आईची थट्टा करत होत्या, "पुण्यात गेल्यावर आमाले वळखशीन ना वो? का तूबी चमच्यानं भात खाशीन?" आई हसली, गाडीत बसली आणि लगेच खाली उतरली.

"नंदा, मले कसंतरी होऊन राह्यलं. आज नोको जाऊ."

मी कारण विचारलं. तिला सांगता येईना. नुसती पोटावर हात ठेवून उभी. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं, ती एकटी पडली होती, मोठा दवाखाना थेट यवतमाळला. माझ्यापाशी कारणं भरपूर होती. मी तिला ॲसिडिटीची गोळी दिली आणि गाडीचं दार लावलं. खरं तर घराला कुलूप लावून मीही दोनदा पायरीवरून परत फिरले होते. रात्री झोप झाली नाही म्हणून असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

तुम्ही बोरीत राहिलेली माणसं फोनवर विचारता, आई कशी आहे. माझ्यासारखे, आईवडिलांना पुण्या-नागपुराला घेऊन आलेले, फारसं विचारत नाहीत. त्यांना ठाऊक असतं. दोघांसाठीही लिहिते आहे.

आई ठीक आहे. माझा एकही अंदाज चुकला नाही. रक्तातली साखर इथे आल्यावरच सापडली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. इमारतीला लिफ्ट आहे, खाली बाग आहे, मेडिकलवाला गोळ्या घरी आणून देतो. बोरीत राहिली असती तर साखर कळायला उशीर झाला असता, हे मी आजही म्हणेन.

साखरेमुळे जेवणाच्या वेळा ठरल्या. त्या मी फ्रिजवर चिकटवल्या. आधी ती कुरकुरायची, भूक नाही तं कायले जेवू. मग कुरकुर थांबली आणि मला हायसं वाटलं. एकदा ऑफिसातून उशिरा आले तर ती टेबलापाशी तशीच बसलेली. भिंतीवरच्या घड्याळाचे सेल संपले होते, त्यामुळे जेवायची वेळ झाली की नाही हे तिला समजलं नव्हतं. मी विचारलं, भूक नाही लागली?

"काय माईत बाप्पा. तू सांगशीन."

मी आधी तिचं ताट वाढलं, मग घड्याळाचे सेल बदलले.

गेल्या जूनमध्ये तिला बोरीला नेलं. शेत आता माझा चुलतभाऊ राजू करतो. बाबा होते तेव्हा आमच्या घरी पेरणीची एक रीत होती. बाबा मोबाइलवर पावसाचा अंदाज बघायचे, कृषी केंद्रात चौकशी करायचे. आई अनवाणी शेतात फेरी मारून यायची. वाफसा आला, म्हणजे जमिनीत पेरणीजोगी ओल बसली, हे तिला तळपायाला कळायचं. दोघांचं जुळलं तरच पेरणी. नाही जुळलं तर एक दिवस थांबायचं आणि पुन्हा दोघांनी आपापलं बघायचं. आईचंही कधी चुकायचं. "तुह्या पायाले सर्दी झाली वाटते," बाबा म्हणायचे. पण कारण मात्र त्यांनी तिला कधी विचारलं नाही.

राजू बांधावर उभा होता. म्हणाला, "काकू, मारा बरं एक फेरी. मोबाइल तं म्हणते पेर."

आईने पायातल्या जाड चपलांकडे पाहिलं. साखरेमुळे पायाला लागलं तर कदाचित तिला कळणार नाही म्हणून डॉक्टरांनी अनवाणी चालायला मनाई केली आहे. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"काढू काय?"

स्वतःच्या शेतात. मी मानेनेच हो म्हटलं. तिने चपला काढल्या. ती हळूहळू मधोमध गेली, थांबली, पाय दाबून पाहिले आणि परत आली.

"काही समजून नाही राह्यलं, राजू. नंदाले विचार. तिच्या मोबाइलात असते सगळं."

राजू हसला. मला हसता आलं नाही. आजाराने तळपाय बधिर झाले होते, की कुणी विचारतच नाही म्हणून तिने पायांचं ऐकणंच सोडलं होतं? पहिलं डॉक्टरांना विचारता येतं. दुसऱ्याचं उत्तर मला माहीत आहे.

फ्रिजवरचा कागद मी काढला नाही; साखर काही गेलेली नाही. पण आता ताट वाढण्याआधी तिला विचारते, पोट काय म्हणतं. बागेत निघताना विचारते, जावंसं वाटतं का. ती माझ्या चेहऱ्यावर उत्तर शोधते आणि तेच मला देते.

बोरीचं घर अजून आहे, राजू झाडून पुसून ठेवतो. आईने तिकडे जावं की नाही, याचे फायदे-तोटे मी आत्ता बसल्या बसल्या मांडू शकते. ते मांडून झालेही आहेत. पण कुणी 'आज नको' म्हटलं आणि बाकीच्यांनी काही न विचारता सामान खाली उतरवलं, तर त्याला घर म्हणावं, असं मला आता वाटतं. तसं घर आईला इथे मिळालं नाही. गेल्या रविवारी धीर करून तिच्याजवळ बसले. बोरीले राहायले जायचं काय, तुले काय वाटते, असं तिच्याच बोलीत विचारलं.

तिने टीव्हीचा आवाज कमी केला.

"तू काय ठरवलं?" म्हणाली.